तबकडीबरहुकूम

केसोन सिटी,
९ फेब्रुवारी १९९३

प्रिय मानांग लुमिंग,

हे पत्र मी घराच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या खाणावळीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. थोरली बहीण तू, कारण ओळखले असशीलच. मानोंग गोरियोंच्या हाती ते तुझ्याआधी पडू नये, अशी माझी इच्छा आहे.

मी ओसाकाला जाणार नाही. हॉटेलचा करार पाच जणांच्या बँडचा आहे आणि पाचवा मी आहे, हे मी विसरलेलो नाही. अमेरिकन नौदलाचा तळ उठला, बोटी गेल्या, माग्सायसाय रस्त्यावरचे क्लब एकामागून एक अंधारले, तेव्हा बँड टिकावा म्हणून मानोंगनी, तुझ्या नवऱ्याने, किती उंबरे झिजवले, हेही मला ठाऊक आहे. तरीसुद्धा मी नाही म्हणतो आहे. इथल्या एका छोट्या स्टुडिओच्या मालकाने मला दुपारच्या रिकाम्या वेळी काम करण्याची मुभा दिली आहे. त्याच्या मोबदल्यात त्याच्याकडे येणाऱ्या गायकांच्या मागे मी गिटार वाजवतो. मी माझा स्वतःचा अल्बम करतो आहे, मानांग. आठ रचना आहेत. गाणारे कुणी नाही. गिटार बोलेल, आणि तिच्या मागे बास व ड्रम चालतील. वेष्टनावर बँडचे नाव नसेल. 'आन्सेल्मो दुम्लाओ' एवढेच असेल.

अठरा वर्षे आपल्या गल्लीने प्लाकादो वाजवले, तबकडीबरहुकूम. तबकडीवर जे आहे तेच, तसेच, परक्या वादकाचे बोट तारेवर घासल्याच्या आवाजासकट. खलाशी डोळे मिटून म्हणायचे, 'तबकडी लावली आहे की माणसे वाजवताहेत, कळत नाही,' आणि त्याहून मोठे प्रशस्तिपत्र आपल्याला कधी हवे नव्हते. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. पण परवा एक प्रसंग घडला. पहिली रचना अर्धी झाल्यावर एलीसेओने, म्हणजे इथल्या ध्वनिमुद्रकाने, काचेपलीकडून सहज विचारले, "हे संपतं कसं?" आजवर प्रत्येक शेवट मला तबकडीने सांगितला होता. चाळिशी ओलांडलेला मी खुर्चीवर तसाच बसून राहिलो, गृहपाठ विसरलेल्या विद्यार्थ्यासारखा.

मानोंगना तू सांग. तुझ्या तोंडून ऐकले तर त्यांना कमी लागेल. गिटारची पहिली तार त्यांनी माझ्याकडून लावून घेतली होती. अल्बम कुणी विकत घेतला नाही तरी मी निभावून नेईन. पण त्यांनी तो ऐकून 'बरा आहे' म्हणावे, एवढे मला हवे आहे. दुसऱ्या कुणाच्याही कानावर माझा तितका विश्वास नाही.

तुझा आदिंग,
सेल्मो

*

ओलोंगापो,
२० फेब्रुवारी १९९३

आदिंग सेल्मो,

पत्र मिळाले. गोरियोला सांगितले. तो फारसे काही बोलला नाही. जेवला, ताट धुतले आणि बाहेर गेला. तू त्याची काळजी करू नकोस, आपले काम कर.

वेष्टनावर तुझे एकट्याचे नाव असणार, हे वाचून मी तो कागद दुमडून एप्रनच्या खिशात ठेवला आणि दिवसभर तिथेच बाळगला. बाजारात आपल्या गल्लीतले आपो सेन्सियो भेटले, त्यांनाही सांगून टाकले. म्हातारा म्हणतो, "गायक नाही? मग लोकांनी टाळ्या द्यायच्या कुणाला, स्पीकरला?" मी म्हटले, "आपो, तुमचं लग्न झालं तेव्हा तुमच्या सासऱ्यानंही हेच विचारलं होतं म्हणे: मुलगा बोलत का नाही?" त्यावर त्याने माझ्या टोपलीतले एक वांगे उचलून फी म्हणून ठेवून घेतले.

बसच्या कंडक्टरबरोबर सुकी मासळी आणि आंबवलेल्या माशांच्या बागोओंगची बरणी पाठवते आहे. बरणीचे झाकण स्टुडिओत उघडू नकोस. तुझे ते एलीसेओ काच फोडून पळतील.

आणि हे लिहायला विसरू नकोस: मग ती रचना संपते कशी?

तुझी मानांग,
लुमिंग

*

केसोन सिटी,
११ मे १९९३

प्रिय मानांग,

रचना संपते कशी, ते मला समजायला बराच काळ लागला. मी ती घरी वाजवली, बसमध्ये मनातल्या मनात वाजवली, आणि एके दिवशी न्हाणीघरात अंगावर पाणी ओतत असताना ती आपणहून संपली. मी ओलेत्यानेच गिटारकडे धावलो. हा आनंद मी आजवर कधी अनुभवला नव्हता. कुणाचेही न ऐकता कळलेला शेवट.

अल्बम पूर्ण झाला आहे. सोबत कॅसेट पाठवतो आहे. मानोंग फारसे बोलले नाहीत, असे तू लिहिलेस. त्यांचा स्वभाव पाहता मी त्याला अर्धा होकार समजतो. उरलेला अर्धा ही कॅसेट मिळवील, अशी आशा आहे. वेष्टनाच्या आतल्या बाजूस, अगदी तळाशी, त्यांचे नाव छापले आहे: 'ज्यांनी माझे कान घडवले'. त्यांना ते दाखव, पण मुद्दाम दाखवल्यासारखे दाखवू नकोस.

दुसऱ्या बाजूची पहिली रचना तू लक्ष देऊन ऐक. तिचे नाव 'राख'. पिनातुबो ज्वालामुखी फुटला त्या दुपारची आहे. वरून राख, तिच्यावर वादळाचा पाऊस, आणि दोन्हींचा चिखल होऊन सरावाच्या खोलीचे छप्पर कण्हत होते. मानोंग ओरडले होते, "आधी ॲम्प्लिफायर बाहेर, मग बायको," आणि तू त्यांच्या पाठीत झारा घातला होतास. ते सगळे त्यात आहे. झारासुद्धा आहे, ड्रमवाल्याला मी तो नीट समजावून सांगितला.

मी सगळ्या गिटारी एकट्याने, एकीवर एक चढवून वाजवल्या. बास मात्र इथल्या एका सज्जनांनी वाजवला. माणूस चांगला आहे, हातही स्वच्छ आहे. पण दर दोन रचनांनंतर मी डावीकडे वळून पाहत होतो आणि तिथे मानोंग नव्हते.

तुझा,
सेल्मो

*

ओलोंगापो,
२८ जून १९९३

आदिंग,

मी उत्तराला उशीर केला, कारण काय लिहावे ते सुचत नव्हते. 'तो फारसे बोलला नाही' असे मी कळवले होते. ते खरेच होते. पण बोलला तेवढे पुरेसे होते. आता तू अर्धा होकार वगैरे समजू लागलास, तेव्हा सगळेच सांगून टाकते.

फेब्रुवारीत मी तुझे पत्र वाचून दाखवल्यावर गोरियो म्हणाला, "अठरा वर्षं पाच जणांनी मिळून एक नाव कमावलं. आता याला एकट्याचं हवंय. घेऊ दे. पण मी जिवंत असेपर्यंत ती कॅसेट या घरात वाजायची नाही. सांगून ठेवतो, लुमिंग." ओसाकाच्या हॉटेलने सेबूच्या एका बँडला नेले. आपला ड्रमवाला पिलो बंदरावर कामाला लागला. गोरियो माझ्या चुलत भावाची जीपनी चालवतो, आणि प्रवाशांनी गाणे लावायला सांगितले तर रेडिओ बिघडला आहे म्हणतो.

कॅसेट आली तेव्हा मी ती घरात लावली नाही. त्याचा शब्द मोडायचा नव्हता. खाणावळीत लावली. सेल्मो, मला संगीतातले काही कळत नाही. मी फक्त अठरा वर्षे तुमच्या सरावाखाली भात शिजवला आहे. 'राख' सुरू झाली तेव्हा कढईत मासा होता. कोपऱ्यातले एक गिऱ्हाईक म्हणाले, "मानांग, जळतंय." मी म्हटले, "जळू दे. हा माझा भाऊ आहे." मासा कोळसा झाला. त्या माणसाने तो तक्रार न करता खाल्ला, आणि जाताना विचारले की कॅसेट कुठे मिळते.

नंतर मी ती घरी नेऊन वादकांच्या सांता सेसिलियाच्या तसबिरीमागे ठेवली. वाजवायला नव्हे, नुसती असावी म्हणून. मागच्या आठवड्यात पाहते तर तिथे नाही. गोरियोला विचारले. "कसली कॅसेट?" म्हणाला आणि बूट घालू लागला. त्याने ती फेकली असावी, असे मला वाटते. तो दिवसभर कुठे असतो तेही हल्ली सांगत नाही. मी त्याच्याशी चार दिवस बोललेले नाही, आणि त्याच्या ते लक्षातही आलेले नाही, ही आणखी एक गोष्ट.

रागावू नकोस. रागावायचे तर माझ्यावर रागाव, मी आधीच सांगायला हवे होते.

तुझी मानांग

*

केसोन सिटी,
१९ जुलै १९९३

मानांग,

तुझ्यावर राग नाही. मानोंगवरही नाही. फेकलेली वस्तू त्यांचीच होती. मी त्यांना दिली होती.

इथे बरे चालले आहे. एका रेडिओ केंद्राने 'राख' दोनदा लावली. दावाओहून एका शिक्षकाने पत्र लिहिले की तो ती आपल्या वर्गाला ऐकवतो. रविवारी एका लहान सभागृहात मी वाजवतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी वाकून नमस्कार करतो आणि दाराकडे पाहतो. सवय आहे, जाईल.

यंदा सांता सेसिलियाच्या सणाला मी येणार नाही. गल्लीत सगळे बँड वाजवतील, आणि मी त्यातल्या कशातच नसेन.

सेल्मो

*

ओलोंगापो,
२४ ऑक्टोबर १९९३

आदिंग सेल्मो,

हे पत्र बसून वाच.

काल रिसाल मार्गावरच्या कॅसेटच्या दुकानात गेले होते. तुझ्या कॅसेटी किती उरल्या ते बघायला मी अधूनमधून जाते. दुकानदारीण नेना मला वैतागली आहे. पण काल तिनेच हाक मारली. "मानांग लुमिंग, नवऱ्याला सांगा, पुढची कॅसेट यायला आठवडा लागेल. त्यांनी माझ्याकडच्या दोन झिजवून आणून दाखवल्या. एकच जागा उलटसुलट फिरवतात. टेप आहे ती, कपडे धुवायचा दगड नाही."

मी म्हटले, "कुणाच्या नवऱ्याला?"

ती म्हणाली, "तुम्हाला किती आहेत?"

तिथून मी तडक निघाले आणि जीपनीच्या तळापर्यंत विचारत गेले. तळामागे टायर दुरुस्तीचे एक दुकान आहे. आतून 'राख' ऐकू येत होती. मला वाटले कॅसेट चालू आहे. आत डोकावले तर टायरांच्या चळतींमध्ये पिलो ड्रमवर, आपले जुने दोघे आपापल्या जागी, आणि गोरियोच्या गळ्यात बास नव्हे, गिटार. पन्नाशीचा माणूस, ज्याने जन्मभर चार जाड तारा ओढल्या, तो तुझी बोटे शिकत होता. कपाळावर घाम, जीभ दातांत. कॅसेट यंत्रात होती, पण बंद.

मला पाहून सगळे थांबले. मी म्हटले, "ही कॅसेट वाजणार नव्हती ना?"

गोरियो म्हणाला, "या घरात, असं म्हटलं होतं. हे टायरचं दुकान आहे."

"म्हणजे राग गेला?"

"कोण म्हणालं? राग आहे तिथेच आहे. पण वाजवलंय नीट. राग वेगळा, हात वेगळा." मग पिलोकडे वळून म्हणाला, "दुसऱ्या फेरीपासून घे. आणि लुमिंग, आलीस तशी उभी राहू नकोस, तो पंखा इकडे वळव."

मी पंखा वळवला, सेल्मो. आणि उभीही राहिले. कुणालाही सांगू नकोस, पण टायरांच्या त्या वासात, दोन मिणमिणत्या दिव्यांखाली, तुम्ही सगळे मला एकाच वेळी ऐकू आलात.

सणाला ते 'राख' वाजवणार आहेत. आपो सेन्सियो आणि इतर म्हातारे नेहमीसारखे पुढच्या बाकावर डोळे मिटून बसतील. तू ये. मी कळवले असे म्हणू नकोस. गोरियोला वाटू दे की तू आपणहून आलास.

लुमिंग

*

केसोन सिटी,
३ नोव्हेंबर १९९३

मानांग,

येतो.

तुझे पत्र मी एलीसेओला वाचून दाखवले. त्याने आपला चष्मा बराच वेळ पुसला आणि म्हणाला, "टेप झिजेपर्यंत? मला इतक्या वर्षांत असा एकही श्रोता मिळाला नाही."

गिटार आणू की नको, ते मला ठरवता येत नाही. आणली तर मानोंगना वाटेल की मी वाजवायला आलो. म्हणून नाही आणत.

सेल्मो

*

ओलोंगापो,
२६ नोव्हेंबर १९९३

आदिंग,

तू पहाटेच्या बसने गेलास आणि मला काही विचारताच आले नाही. सणाच्या दिवशी मी चॅपेलमागे पन्सित नूडल्सच्या कढईपाशी अडकले होते. माझ्या आणि मंचाच्या मध्ये एक भिंत आणि भुकेली अर्धी वस्ती होती. 'राख' मी ऐकली. मग लोकांचा गलबला, मग पुन्हा 'राख', पण वेगळी, चकचकीत. मग ती मध्येच तुटली. हशा पिकला. मग असे शांत झाले की मला तेलाचा आवाज ऐकू येऊ लागला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी हातातला झारा टाकून धावत येईपर्यंत सगळे संपले होते आणि तू खाली मान घालून उभा होतास. काय झाले ते कुणी मला नीट सांगत नाही. आपो सेन्सियो म्हणतात, "योग्य तेच झालं." पिलो नुसता हसतो. गोरियोला विचारले तर म्हणतो, "एक चूक होती, दुरुस्त केली," आणि तेव्हापासून शीळ घालतो आहे.

चारचौघांत त्याने तुझा पाणउतारा केला का? केला असेल तर स्पष्ट लिही. मी त्याचे जेवण बंद करीन. मी पत्रांतून तुम्हा दोघांना वर्षभर सांभाळले. असे संपणार असेल तर मला ते चालणार नाही.

लुमिंग

*

केसोन सिटी,
४ डिसेंबर १९९३

प्रिय मानांग,

मानोंगचे जेवण बंद करू नकोस. उलट त्यांना माझ्या वाट्याचा एक मासा जास्त वाढ, करपलेला नको.

काय झाले ते सविस्तर सांगतो.

मी गर्दीच्या मागे, सरबताच्या गाडीआड उभा होतो. मानोंग ध्वनिक्षेपकापाशी आले. कुठलीही रचना वाजवण्याआधी तिच्या मूळ वादकाचे नाव घ्यायचे, हा आपल्या गल्लीचा नेम तुला ठाऊक आहे. अठरा वर्षे मी त्यांच्या तोंडून ती परदेशी नावे ऐकली. त्याच आवाजात, त्याच संथपणे, एकही शब्द जास्त न घालता ते म्हणाले, "पुढची रचना 'राख'. मूळ वादक, आन्सेल्मो दुम्लाओ." आणि वाजवू लागले.

मी डोळे मिटले. मानांग, माझी कॅसेट वाजत होती. मी जिथे दम घेतो तिथे मानोंग दम घेत होते. माझी करंगळी आखूड आहे म्हणून एक सूर मी थोडा उशिरा गाठतो. त्यांची करंगळी लांब आहे, तरीही त्यांनी तो उशिराच गाठला. परक्यांच्या तबकड्यांसाठी जी मेहनत आपण राखून ठेवली होती, ती कुणीतरी माझ्यासाठी केली होती.

संपल्यावर कुणीतरी मला ओळखले आणि ढकलत मंचावर नेले. मानोंगनी माझ्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे करून गळ्यातली गिटार माझ्या गळ्यात अडकवली आणि ते स्वतः आपला बास उचलून डावीकडे उभे राहिले. मी सुरुवात केली. इथे रविवारी वाजवतो तशीच वाजवली: जलद, मध्ये दोन लांब ताना घातलेली, लोक उठून टाळ्या वाजवतात ती. दुसऱ्या फेरीत बास थांबला. मग ड्रम थांबले. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे पुढचे सगळे सबंध गल्लीने ऐकले.

"थांब," मानोंग म्हणाले. "हे काय वाजवतोयस?"

"'राख', मानोंग."

"तबकडीवर असं नाही."

"मानोंग, रचना माझी आहे."

"असेल. पण वाजवतोयस चुकीची."

तेव्हा पिकला तो हशा तू ऐकलास. मी आपो सेन्सियोंकडे पाहिले, ते तरी माझी बाजू घेतील म्हणून. डोळे न उघडता म्हातारा म्हणाला, "गोरियो बरोबर सांगतोय, पोरा. या जागी तो वादक थांबतो." तो वादक, मानांग. मी त्यांच्यासमोर उभा असताना.

मग मानोंग जवळ आले. माझी बोटे धरून त्यांनी ती तारांवर ठेवली, मी तुमच्या घरी पहिल्यांदा गिटार धरली होती तेव्हा ठेवली होती तशी. "इथे," ते म्हणाले, "छप्पर पडायच्या आधी सगळं गप्प होतं ना, तसा तू थांबतोस. तान घालत नाहीस. लोकांना घाबरू देतोस. मग येतोस. ही एवढीशी जागा बसवायला मला दोन कॅसेट लागल्या, आणि तू ती टाळ्यांसाठी भरून टाकलीस?"

खरे सांगतो, मी ती जागा विसरलो होतो. टाळ्यांमुळे दर रविवारी थोडी थोडी बुजवत आलो होतो, आणि ती उरली होती ती फक्त टायरच्या दुकानात.

त्यानंतर जी शांतता तू ऐकलीस, ती माझी होती. मग मी म्हणालो, "मानोंग, पहिल्यापासून घेऊ या." आणि पहिल्यापासून घेतली. न वाढवता, न सजवता. ती जागा आली तेव्हा मी थांबलो. डावीकडे पाहिले. मानोंग तिथे होते, तेही थांबले होते, आणि सबंध गल्ली आमच्याबरोबर थांबली. मग आम्ही आलो.

तू धावत आलीस तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो, ते अपमानाने नव्हे. रागाविषयी मानोंग काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. तो जिथे असेल तिथे असू दे. शेवटचा सूर विरत असताना ते माझ्या कानाशी वाकले होते, आणि त्यांनी जे म्हटले ते मला नीट ऐकायचे होते.

ते म्हणाले, "हां. आता प्लाकादो."

तुझा आदिंग,
आन्सेल्मो दुम्लाओ